लहान छेद आणि त्यामागील शोध



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी आम्हांस निमंत्रणाचे पत्र धाडले, त्यात विषय सुचविला होता 'दुर्बिणीची शस्त्रक्रिया'. विषय चांगला खरा. पण पित्ताशयातील खडे किंवा अपेंडिक्स दुर्बिणीतून काढून घेतलेली दहावीस मंडळी तरी या मंडपात सहज निघतील, आणि ज्यांच्या पोटाला भोके पडली त्यांच्यापुढे भोके पाडणाऱ्याने व्याख्यान झोडावे हे आम्हांस थोडे धार्ष्ट्याचे वाटले. म्हणून आम्ही चिटणीसांची परवानगी काढून विषय जरा आवळून घेतला. आज बोलावयाचे ते शरीरातील अंतःस्रावी ग्रंथींच्या विकारांवर लहान छेदातून कशी शस्त्रक्रिया होते, आणि तो छेद लहान कशामुळे झाला, यांविषयी.

'दुर्बीण' या शब्दाची मौज पाहा. दुर्बिणीचे काम दूरचे जवळ दाखविणे. शल्यगृहातील ही नळी तर पाहावयाच्या वस्तूपासून दोनचार बोटांवर असते. पंडितांनी तिच्यासाठी 'अंतर्दर्शक' असा शुद्ध शब्द घडविला, पण तो कागदावरच राहिला, आणि आमच्या दवाखान्यात येणारी कोणतीही आजीबाई "दुर्बिणीतून करणार की फाडून?" असेच विचारते. तिच्या या प्रश्नातच आजचा विषय आहे. छेद लहान झाला तो नळीमुळे, अशी तिची व बहुतेकांची समजूत. आमचे म्हणणे असे की, निदान ग्रंथींच्या बाबतीत तरी, छेद लहान झाला तो आधी कळू लागल्यामुळे. नळी नंतर आली. पुष्कळदा तिची गरजही पडत नाही.

ग्रंथी दोन जातींच्या. लाळेच्या, घामाच्या ग्रंथींना नळी असते आणि त्यांचा स्राव तिच्यातून बाहेर पडतो. दुसऱ्या जातीच्या ग्रंथींना नळीच नाही; त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात आणि रक्त तो सर्वांगाला पोचविते. म्हणून ही ग्रंथी गळ्यात असली तरी तिचा बिघाड हाडांत, मूत्रपिंडांत, हृदयात किंवा मनात उमटतो. गळ्यापुढची अवटू, तिलाच आपण थायरॉइड म्हणतो. तिच्या पाठीला चिकटलेल्या चार परावटू. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या दोन अधिवृक्क. आणि मेंदूच्या तळाशी लोंबणारी पोषग्रंथी. पोषग्रंथीचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम. अधिवृक्क प्रत्येकी चारपाच ग्रॅम. परावटू तर तांदळाच्या किंवा मसुरीच्या दाण्याएवढ्या; एकेक तीसचाळीस मिलिग्रॅमची. सोनाराच्या तराजूत घातल्या तर चारी मिळून गुंजभर किंवा किंचित अधिक भरतील. त्या गुंजभर मांसाच्या हाती रक्तातील सगळ्या कॅल्शियमचा हिशेब आहे.

अवटूची गोष्ट थोडक्यात सांगून पुढे जाऊ. गलगंड आपल्याकडे जुना. हिमालयाच्या पायथ्याच्या पट्ट्यात गावेच्या गावे गलगंडाची असत, आणि कांग्रा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व त्यांचे सहकारी यांनी केलेल्या प्रयोगाने मिठातील आयोडिनने तो आटोक्यात येतो हे सिद्ध झाले. जो रोग मिठाच्या चिमटीने टळतो त्याला सुरी लावू नये, हे शल्यवैद्याने प्रथम कबूल केले पाहिजे. पण ज्यांना सुरी लावावीच लागे त्यांचे काय होई? एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गलगंडाचे ऑपरेशन म्हणजे जवळजवळ मृत्युपत्र. रक्तस्राव तरी होई, नाही तर जंतू तरी शिरत. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी ही मृत्यूची संख्या शंभरांत एकाच्याही खाली आणली. त्यांचा हात इतका हलका, इतका रक्तहीन, की त्यांनी सबंध ग्रंथी निर्मळ काढून दाखविली. मग १८८३ साली त्यांनी आपल्या जुन्या रोग्यांची फेरतपासणी केली. जे सबंध ग्रंथी देऊन बसले होते ते सुजलेले, मंद, गारठलेले असे त्यांच्यापुढे उभे राहिले. एक मुलगी तर वाढावयाचीच थांबली होती. आपल्या उत्तम कौशल्यानेच आपण हे केले, हे कोखर यांनी लपविले नाही. सभेत उभे राहून सांगितले. ग्रंथी काय करते हे त्यातून जगाला कळले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ऑपरेशन बिनचूक झाले आणि रोगी बिघडला, हे शल्यवैद्यकात घडू शकते. ते आपण ध्यानात असू द्यावे, कारण पुढे त्याची गरज लागेल.

आता परावटूकडे वळू. आमच्या मते या सगळ्या विषयाचे मर्म त्या चार दाण्यांत आहे.

यांचा शोध प्रथम माणसात लागला नाही, गेंड्यात लागला. आणि तो गेंडा आपल्या देशचा. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील एक भारतीय गेंडा १८४९ साली मेला. रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्याचे विच्छेदन केले, तेव्हा अवटूला चिकटलेला एक लहानसा पिवळसर गोळा त्याच्या दृष्टीस पडला. एवढ्या अवाढव्य देहात तो दाणा दिसला ही ओवेनच्या डोळ्याची तारीफ. माणसातील परावटूचे वर्णन १८८० साली स्वीडनमधील उप्साला येथील इव्हार सँडस्ट्रॉम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने केले. त्याने पन्नास शवे तपासली होती. तथापि त्याच्या लेखाची त्या काळी कोणी फारशी दखल घेतली नाही. शल्यवैद्य अवटू काढताना हे दाणे नकळत सोबत काढीत आणि रोग्याच्या हातापायांना पेटके का येतात म्हणून आश्चर्य करीत बसत.

उलट बिघाडाची, म्हणजे दाणा वाढून अतोनात रस सोडू लागल्याची गोष्ट व्हिएन्नातली. तेथील एका ट्राम-कंडक्टरची हाडे दुखू लागली, ठिसूळ झाली, मोडू लागली. अशा रोग्यांच्या शवात परावटू वाढलेली आढळते हे ठाऊक होते. पण त्या वेळचे मत असे की हाडे खराब झाली म्हणून बिचारी ग्रंथी त्यांच्या मदतीला वाढते. फेलिक्स मांडल या शल्यवैद्याने त्या मताला धरून उपाय केला, तो असा की या कंडक्टराला दुसऱ्याची परावटू आणून बसविली! आगीत तेल ओतण्याचाच हा प्रकार; पण तेव्हा ते तेल आहे हे कोणास ठाऊक? गुण आला नाही. मग १९२५ साली मांडल यांनी विचार उलटा केला, गळा उघडला, वाढलेली ग्रंथी काढून टाकली, आणि कुबड्यांवाचून न हलणारा तो गृहस्थ काठी टेकीत चालू लागला. काही वर्षांनी रोग उलटला व १९३६ साली तो वारला हेही सांगितले पाहिजे. पण हाडांच्या दुखण्याचे मूळ गळ्यात असते हे त्याच्यामुळे ठरले.

त्याच सुमारास अमेरिकेत चार्ल्स मार्टेल नावाचा व्यापारी जहाजावरचा कप्तान होता. उंचपुरा, धिप्पाड गडी. काही वर्षांत त्याची उंची सात इंचांनी घटली. पाठीचे मणके खचले, ठिकठिकाणी हाडे मोडली, मूत्रपिंडांत खडे झाले. रक्तात कॅल्शियम भलतेच वाढलेले. १९२६ साली वैद्यांनी बरोबर ओळखले की परावटूचा हा खेळ असला पाहिजे. रोग ओळखला, पण दाणा कोठे आहे? गळा उघडला, दोषी दाणा सापडला नाही. पुन्हा उघडला. पुन्हा नाही. असे सहा वेळा झाले. सहा वेळा भूल, सहा वेळा रक्त, सहा वेळा टाके, आणि प्रत्येक वेळी आधीच्या व्रणांनी आत सगळे चिकटून गेलेले, म्हणजे पुढचे शोधणे मागच्याहून कठीण.

मार्टेल हा नुसता सोसणारा रोगी नव्हता. त्याने शरीररचनेची पुस्तके वाचून काढली अशी नोंद आहे. गर्भावस्थेत खालच्या दोन परावटू छातीतील थायमस ग्रंथीबरोबर जन्मतात आणि तिच्यासंगे खाली उतरता उतरता गळ्यात थांबतात. एखादी थांबतच नाही; ती थायमसबरोबर थेट छातीत जाऊन बसते. गळ्यात नाही तर छातीत पाहा, असा त्या कप्तानाने आग्रह धरला. १९३२ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात एडवर्ड चर्चिल यांनी सातव्या खेपेस उरोस्थी फोडून छातीत पाहिले. तेथे तो तीन सेंटिमीटरचा गोळा होता. मदतीला ऑलिव्हर कोप हे तरुण शल्यवैद्य होते, आणि या शोधासाठी त्यांनी आधी कित्येक शवांवर परावटू ओळखण्याचा सराव केला होता. कारण तो दाणा रंगाने चरबीसारखा, आकाराने लसिकाग्रंथीसारखा. न सरावलेल्या डोळ्याला समोर असून दिसत नाही. गोळा निघाला. पण मूत्रपिंडांची हानी आधीच होऊन चुकली होती. खड्याच्या त्रासातून उद्भवलेल्या गुंतागुंतीत सहा आठवड्यांनी कप्तान मार्टेल गेला.

सात ऑपरेशने झाली, ती कोणी अडाणी माणसांनी केली नव्हती. त्यांच्या हाती सुरी होती, हात होता, बुद्धी होती. नव्हता तो फक्त पत्ता.

हा पत्ता मिळविण्यास पुढे पन्नाससाठ वर्षे लागली, आणि तो मिळविला तो बहुतांशी शल्यवैद्य नसलेल्या मंडळींनी. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी रक्तातील अत्यंत सूक्ष्म प्रमाणातील संप्रेरक किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने मोजण्याची रीत काढली. १९६३ साली परावटूचा रस त्या रीतीने मोजता आला; यॅलोबाईंना १९७७ साली नोबेल मिळाले. त्याने रोग आहे की नाही हे पक्के झाले. कोठे आहे, याचे उत्तर जरा गमतीने आले. हृदयाचा रक्तपुरवठा पाहण्यासाठी 'सेस्टामिबी' नावाचे एक किरणोत्सर्गी औषध शिरेतून देत असत. ते औषध अवटूत व परावटूतही शिरते. परंतु तासादोनतासांत अवटूतून धुऊन जाते आणि वाढलेल्या परावटूत रेंगाळते. १९८९ च्या सुमारास हे ध्यानात आले. दिवाळी सरल्यावर सगळ्या पणत्या विझाव्यात आणि एकीत तेवढे तेल उरावे, तसा तो एक ठिपका छायाचित्रात उरतो. त्याच्या जोडीला गळ्याची सोनोग्राफी. दोहोंनी एकच जागा दाखविली की पत्ता पक्का.

सुमारे शंभरांतील पंचाऐंशी रोग्यांत एकच दाणा बिघडलेला असतो. पूर्वी तो एक ओळखण्यासाठी चारही शोधून पाहावे लागत, म्हणून गळा या कानाखालून त्या कानाखालपर्यंत नसला तरी चांगला रुंद उघडावा लागे. आता ठिपक्याच्या वर दोनअडीच सेंटिमीटरचा छेद घेतला की काम होते. त्यास दुर्बीण लागतेच असे नाही. दिवा, भिंग आणि सरावलेली बोटे पुरतात.

आमच्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत सांगतो, म्हणजे हे डोळ्यांपुढे उभे राहील. दुष्काळी भागातल्या, वय चाळिशीच्या आसपास. घरच्या ओट्यावरून उतरताना पाय नुसता चुकला आणि मांडीचे हाड मोडले. धाकटा दीर त्यांना घेऊन आला. त्याच्या हातातल्या पिशवीत जुन्या कागदांचा गठ्ठा होता. त्यात मुतखड्याची तीन ऑपरेशने, पोटाच्या तक्रारी, अंगदुखी, झोप नाही, मन लागत नाही अशी सहासात वर्षांची चिठ्ठ्याचपाट्यांची माळ होती. प्रत्येक चिठ्ठीवर निराळे औषध. हाडाचा फोटो पाहून आमच्या अस्थिवैद्य मित्राला शंका आली व त्याने रक्तातील कॅल्शियम पाहिले. साडेदहापर्यंत असावयाचे ते पावणेतेरा निघाले. परावटूचा रस कित्येक पट वाढलेला. छायाचित्रात डावीकडे खाली एक ठिपका.

शस्त्रक्रियेच्या दिवशी छेद घेतला तो आमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढा. अवटूची कड उचलली. मागून स्वरयंत्राकडे जाणारी नस पाहून घेतली; ही नस छातीपर्यंत खाली उतरून, मोठ्या धमनीला वळसा घालून पुन्हा वर गळ्यात येते. तिला धक्का लागला तर आवाज बसतो, म्हणून तिची ओळख पटल्यावाचून कात्री उघडावयाची नाही असा दंडक आहे. तिच्याखाली तो गोळा होता, तांबूस, बोराएवढा. काढला. आता खरी गंमत. परावटूचा रस रक्तात फार टिकत नाही. तीनपाच मिनिटांत निम्मा होतो. म्हणून गोळा काढल्यावर दहा मिनिटांनी रक्त घेऊन तपासावयाचे. रस निम्म्याहून खाली आला असेल तर दोषी तोच होता. नसेल तर अजून कोणी दडलेला आहे. ती दहा मिनिटे व नंतरची तपासणीची वेळ शल्यगृहात कोणी बोलत नाही. बाईंचा आकडा पाचव्या हिश्श्यावर उतरला, आणि आम्ही टाके घातले. मार्टेलच्या वैद्यांना ही दहा मिनिटे मिळाली असती तर!

दुसऱ्या दिवशी बाईंच्या ओठांभोवती मुंग्या आल्या. घाबरण्याचे कारण नव्हते. वर्षानुवर्षे उपाशी राहिलेली हाडे रक्तातले कॅल्शियम आता हावरटासारखी ओढू लागतात. गोळ्या व गरज पडल्यास सलाइनमधून कॅल्शियम देऊन ते भागवावे लागते. छेद लहान होता म्हणून हे टळत नाही. आणि चारही दाणे वाढलेले असतील, जसे ते मूत्रपिंडे निकामी झालेल्यांत किंवा काही घराण्यांत आनुवंशाने होते, तर लहान छेदाचा हट्ट सोडून दोन्ही बाजू उघड्या करून पाहाव्याच लागतात.

नळीचे म्हणाल तर तिचा इतिहासही शिकण्यासारखा आहे. मिशेल गॅन्ये या शल्यवैद्याने गळ्यात वायू भरून दुर्बिणीने परावटू काढल्याची हकीकत १९९६ साली प्रसिद्ध केली. ऑपरेशन पाच तास चालले, आणि तो वायू कातडीखालून पसरून रोगी पापण्यांपासून थेट खालपर्यंत फुगला. पुढे ओसरला, अपाय झाला नाही. तरी ज्या कामाला उघड्या छेदातून तासभर लागतो त्याला पाच तास, ही प्रगती म्हणावी की हौस? इटलीत पिसा येथे पावलो मिक्कोली यांनी लगेच पुढे त्यातला वायू काढून टाकला, दीड सेंटिमीटरचा छेद ठेवला आणि त्यातून नुसता पाहण्यापुरता कॅमेरा आत धरला. ती रीत टिकली.

याच गॅन्ये यांनी मात्र १९९२ साली पोटातील दुर्बिणीने अधिवृक्क ग्रंथी काढून दाखविली, आणि तेथे नळीचे उपकार मान्य केलेच पाहिजेत. चारपाच ग्रॅमची ही ग्रंथी पाठीच्या खोल कपारीत, यकृत, प्लीहा, मोठी शीर यांच्या आड. तिच्यापर्यंत पोचावयास पूर्वी वीतभर छेद, प्रसंगी शेवटची बरगडी काढणे, आठवडाभर खाट आणि महिनोन्‌महिने कुशीचे दुखणे. आता तीनचार भोके, आणि दोनतीन दिवसांत रोगी घरी. जर्मनीत एसेन येथील वाल्झ यांनी तर पोटाला स्पर्शही न करता पाठीकडूनच शिरण्याची वाट रूढ केली. पण येथेही आधी कळण्याचाच प्रश्न आहे. अधिवृक्कात एक गाठ अशी होते की तिला हात लावताच ती रक्तात आपला रस पिचकारीसारखा सोडते आणि रक्तदाब आकाशाला भिडतो. १९२६ साली अमेरिकेत चार्ल्स मेयो यांनी अशी गाठ काढली तेव्हा गाठ कसली आहे हे त्यांस आधी ठाऊक नव्हते. जोगीण झालेली ती रुग्ण बाई वाचली हे दोघांचेही भाग्य. आज लघवीच्या किंवा रक्ताच्या तपासणीने ती ओळखतात, दहापंधरा दिवस औषध देऊन रक्तवाहिन्या सैल करतात, आणि मगच भोक पाडतात. ती औषधे न देता कोणी नुसत्या दुर्बिणीच्या जोरावर शिरेल तर लहान भोकातूनही प्राण जाऊ शकतो. गाठ फार मोठी असली किंवा कर्करोगाचा संशय असला तर तेथे उघडा छेदच योग्य.

पोषग्रंथीवर तर लहान वाट कॅमेऱ्याच्या कितीतरी आधी सापडली होती. १९०७ साली इन्सब्रुकच्या श्लॉफर यांनी नाकाच्या मार्गे तिच्यापर्यंत जाऊन दाखविले. हार्वे कुशिंगसारख्या थोर शल्यवैद्याने ती वाट काही वर्षे चोखाळून सोडून दिली, कारण त्या अंधाऱ्या बोळात दिसत नसे. एडिंबरोच्या डॉट यांनी ती जपली, पॅरिसच्या गिओ यांनी त्यांच्याकडून उचलली, आणि मॉन्ट्रियलच्या हार्डी यांनी सूक्ष्मदर्शक आणून तिच्यात उजेड पाडला. आज कवटी न उघडता नाकपुडीतून ही ग्रंथी दुर्बिणीने साफ करतात.

आता एका नाजूक प्रश्नाकडे येतो. लहान छेद आणि लपविलेला छेद या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि बाजारात त्या एकाच नावाने विकल्या जातात. कोरियात काखेतून बोगदा काढून, रोबोच्या हातांनी, अवटू काढण्याची पद्धत २००७ पासून पुढे आली. बँकॉकच्या अंगकून अनुवाँग यांनी खालच्या ओठाच्या आतून शिरून साठ रुग्णांची अवटू काढल्याचा वृत्तांत २०१६ साली प्रसिद्ध केला. आपल्या देशातही काही ठिकाणी हे होते. गळ्यावर खूण राहत नाही हे खरे. पण काखेपासून गळ्यापर्यंत कातडी सोडवीत जावयाचे, म्हणजे आतली जखम लहान झाली असे नव्हे. ती दिसत नाही एवढेच. कोणी म्हणेल, मग हे सोंग कशाला? आम्ही असे म्हणणार नाही. लग्नाच्या वयाची मुलगी गळ्यावरच्या रेघेपायी आरशाला भिते, पाहुण्यांपुढे पदर ओढून घेते, हे आम्ही पाहिले आहे; तिच्या त्या दुःखाला सोंग म्हणणाऱ्याने स्वतःच्या गळ्यावर चार बोटांची रेघ घेऊन फिरून पाहावे. फक्त तिला खरे सांगावे: बाई गं, ही खूण लपेल, दुखणे कमी होईल असे नाही, आणि ज्याने असली ऑपरेशने पुष्कळ केली आहेत त्याच्याकडेच जा. गाणाऱ्यांनी तर अधिक जपावे. अमेलिता गाल्ली-कुर्ची या विख्यात इटालियन गायिकेचे १९३५ साली शिकागोत गलगंडाचे ऑपरेशन झाले, आणि तिचा सूर त्यानंतर गेला अशी हळहळ ऐकू येते. अलीकडच्या अभ्यासकांनी तो दोष ऑपरेशनचाच होता का याविषयी शंका घेतली आहे. ते काही असो, उंच स्वराला ताण देणारी एक बारीक नस अवटूच्या वरच्या टोकापाशी असते, आणि तिला छेदाची लांबी कळत नाही.

आणि छेद लहान झाला की हात लवकर उचलला जातो, हाही एक धोका. दक्षिण कोरियात निरोगी माणसांच्या गळ्याची सोनोग्राफी सरसकट होऊ लागली. १९९३ च्या मानाने २०११ साली अवटूच्या कर्करोगाची नोंद पंधरा पटींवर गेली. हजारो लोकांच्या ग्रंथी निघाल्या. त्या रोगाने मरणाऱ्यांची संख्या मात्र जेथल्या तेथे राहिली. म्हणजे जे कण सापडले ते बहुतेक जन्मभर स्वस्थ पडून राहणारे होते. काही वैद्यांनी २०१४ साली हे उघड बोलून दाखविले, आणि ऑपरेशने झपाट्याने कमी झाली. कोखर यांची मुलगी येथे पुन्हा आठवते. तेथे हात चुकला नव्हता, येथेही चुकला नाही.

आपल्याकडे परावटूची अडचण याच्या नेमकी उलट. पाश्चात्त्य देशांत १९७० नंतर सगळ्या रक्ततपासण्यांत कॅल्शियम आपोआप मोजले जाऊ लागले, त्यामुळे हा विकार हाडे मोडण्याआधीच, कित्येकदा काही त्रास नसतानाच सापडतो. आपल्या देशात अजूनही पुष्कळ रोगी मोडलेली हाडे व खड्यांनी भरलेली मूत्रपिंडे घेऊन येतात. लखनौच्या संजय गांधी संस्थेसारख्या ठिकाणी या शस्त्रक्रियांचे स्वतंत्र विभाग आहेत, शिकलेले हात आहेत. पण त्यांच्यापर्यंत जो पोचतो तो वाटेत वर्षे घालवून. मुतखडा तर घरोघरचा. शंभर मुतखडेवाल्यांत परावटूचे थोडेच निघतील हे कबूल. पण खडा पुन्हा पुन्हा होत असेल, दोन्ही बाजूंना होत असेल, त्याबरोबर हाडे दुखत असतील, तर रक्तातील कॅल्शियम पाहावे. तालुक्याच्या गावीही ही तपासणी होते. अंगात ड जीवनसत्त्व फार कमी असेल तर आकडा वरवर बरा दिसून फसवू शकतो, म्हणून शंका असल्यास परावटूचा रसही मोजून घ्यावा. वैद्याने सांगितले नाही तर आपण विचारावे. कोणी रागावणार नाही, आणि रागावले तर रागावू द्या.

मघाच्या त्या बाईंचे एक सांगावयाचे राहिले. घरी जाण्याच्या दिवशी त्या आपले कागद लावीत बसल्या होत्या. त्यातील तिसऱ्या खड्याचा कागद त्यांनी आमच्यापुढे धरला आणि विचारले, "साहेब, तवा खडा काढला तवा हे कळलं नव्हतं का?" कागदावर दोन वर्षांपूर्वीची तारीख होती आणि खाली सही आमची होती. त्या वेळी दिवसाला चारपाच खडे आम्ही काढीत होतो. खडा नीट निघाला, टाके सुकले, आम्ही त्यांना विसरलो. आम्ही म्हणालो, "बाई, कळलं नव्हतं, कारण आम्ही पाहिलंच नव्हतं." त्यांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला, "असू द्या" म्हणाल्या, आणि गोळ्या दुधाबरोबर घ्यायच्या की पाण्याबरोबर ते विचारले. आमच्याकडच्या मुतखड्याच्या केसपेपरवर त्यानंतर कॅल्शियमसाठी एक रकाना छापून घेतला आहे. तो रिकामा असला तर आमची परिचारिका कागद परत आणून टेबलावर ठेवते, आणि मी घाईत आहे असे म्हटले तरी उचलत नाही.

चिटणीस घड्याळाकडे पाहत आहेत. कोणास काही विचारावयाचे असेल तर अवश्य विचारावे. ज्यांच्याजवळ जुने कागद असतील त्यांनी ते उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन यावे, येथे मंडपातल्या दिव्यात आम्हांस ते वाचता येणार नाहीत.